सात नंबरचं मडकं

१

इंदुरीच्या जुन्या पांढरीवर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचली ती धोंडाबाई. नेमकं त्याच दिवशी आपण उशिरा का उठलो नाही, असं तिला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

जुनी पांढरी म्हणजे गढीच्या वरच्या अंगाला इंद्रायणीच्या काठचं एक टेकाड. माती राखेसारखी भुरी, कुठंही कुदळ मारा, खापरं निघायची. फार पूर्वी तिथं कुणाची तरी वस्ती होती एवढंच गावाला ठाऊक. १९३८ च्या चैत्रात पुण्याचे प्रोफेसर उकिडवे तंबू ठोकून उकरायला बसले, तेव्हा कळलं की ती माणसं आपली मेलेली माणसं घरातच पुरायची. मोठं माणूस असलं तर जमिनीखाली उताणं, आणि पाय घोट्यापासून तोडलेले. लेकरू असलं तर दोन मडक्यांत, मडक्याच्या तोंडाला तोंड लावून. अशी सहा जोडमडकी निघाली होती. प्रोफेसर प्रत्येकाला नंबर देत आणि कौतुकानं म्हणत, "दोन-तीन हजार वर्षं तरी झाली असतील हो."

धोंडाबाईचं काम ब्रशनं माती झाडायचं. वय बत्तीस. नवरा वारला तशी आईकडं परत आलेली. हात हलका, म्हणून प्रोफेसरांची मर्जी. लेकरांच्या हाडांची तिला भीती वाटत नसे, पण त्या तोडलेल्या पायांची फार वाटे. "मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून तोडत असावेत," असं प्रोफेसर एकदा म्हणून गेले, आणि त्या दिवसापासून ती झोपताना पाय पोटाशी घेऊन झोपायला लागली होती.

आदल्या सांजेला सातवं जोडमडकं लागलं. वर एक चपटा धोंडा ठेवलेला. असा धोंडा आधीच्या सहांवर नव्हता, त्यामुळं प्रोफेसर अगदी हरखून गेले. पण उजेड सरला होता. "सकाळी उघडू," असं म्हणून त्यांनी त्यावर गोणपाट टाकायला लावलं.

सकाळी गोणपाट होतं. चौघडी घालून, व्यवस्थित, खड्ड्याच्या काठाशी ठेवलेलं. मडकं मात्र नव्हतं.

धोंडाबाईला पळून जावंसं वाटलं. तरी ती खड्ड्यात उतरली. तळाशी खापराचा एक तुकडा होता आणि त्याच्याशेजारी मातीत रुतलेलं काहीतरी वाटोळं. तिनं बोटानं उकरलं. तान्ह्या पोराच्या पायातला चांदीचा वाळा होता तो, काळा पडलेला, आणि त्याचा अडकवायचा आकडा नेहमीपेक्षा उलट्या बाजूला वळवलेला.

वरून मुकादमाच्या वहाणा वाजल्या. काय करतोय हे कळायच्या आत तिनं वाळा कनवटीला खोचला आणि मग ओरडली. तसला उलटा आकडा ती लहानपणापासून पाहत आली होती. दुसरा वाळा तिच्याच घरात, चुलीवरच्या खुंटीला लटकत होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

२

तासाभरात निम्मे मजूर घमेली टाकून निघून गेले.

"मोठ्या मानसांचं पाय तोडल्यालं व्हतं, सायेब," रखमाजी मुकादम म्हणाला. हा रखमाजी पहिल्यापासून उकरण्याच्या विरोधात, कारण त्याचं शेत टेकाडाला लागून. "लेकरांचं कुटं तोडल्यात? त्ये उठलं नि गेलं. आता कुनाच्या घरात जाऊन बसतंय बघा."

"मडकी चालत नाहीत, रखमाजी," प्रोफेसर तांबडेलाल होऊन म्हणाले. "उद्या सकाळी तळेगावहून फौजदार येतील आणि घरोघर झडती होईल. आज संध्याकाळपर्यंत मडकं परत आलं, तर मी कुणाला काही विचारणार नाही. जमादार, हे तुमच्याकडे."

जमादार म्हणजे गफूर मुलाणी. गावचाच. पोलिसात होता, घोड्यावरून पडून डावा पाय आखडला आणि नोकरी सुटली. आता प्रोफेसरांच्या तंबूची राखण करायचा. पहाटे नमाजासाठी नदीवर गेला, तेवढ्या वेळात हे झालं होतं, आणि ते त्याला चांगलंच झोंबलं होतं.

गफूर टेकाडावरच राहायला का तयार झाला, हे धोंडाबाईला माहीत होतं. खालच्या बाभळीखाली त्याच्या आईची, जैतुनबीची, कबर होती. एकदा भाकरी खाताना त्यानं सांगितलं होतं. "प्लेगाच्या साली मी अकरा वर्षांचा, बाप आधीच गेलेला. मामा लोणावळ्याला रेल्वेच्या लोको शेडमध्ये होता, त्याच्याकडं मला धाडलेलं. परत आलो तर आई नाही नि तान्ही बहीण नाही. आईची कबर दाखवली. बहिणीची कुठं, ते कुणालाच सांगता आलं नाही. प्लेगात कोण बघतंय म्हणाले."

गफूर खड्ड्याभोवती लंगडत एक फेरी मारून आला. चौघडी घातलेलं गोणपाट उचलून पाहिलं, परत ठेवलं. काठावर मुंग्यांची रांग लागली होती. तिथली माती चिमटीत घेऊन त्यानं हुंगली.

"गोणपाट तू घडी केलंस?"

"न्हाई जमादार."

"खड्ड्यात खापराशिवाय आणखी काही होतं?"

"काय न्हाई," धोंडाबाई म्हणाली. कनवटीचा वाळा तिच्या पोटाला टोचत होता. गफूरनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी सुट्टी झाली तशी ती घराकडं जवळजवळ पळतच गेली. आई, अंबूबाई, पडवीत तांदूळ निवडत बसली होती. साठीची म्हातारी, गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षांत खाली बसून सारवलेलं नाही. आणि चुलीपाशी हातभर जागा ओली, ताजी सारवलेली.

"तू सारवलंस, आई?"

"उंदरानं उकरलं व्हतं."

धोंडाबाईनं आत जाऊन खुंटीचा वाळा काढला आणि दुसऱ्याशेजारी तळहातावर ठेवला. दोन्हींचे आकडे उलटे. जोडच होता तो, शंकाच नको.

"आई, माझा दुसरा वाळा कुटं हरवला म्हनतीस?"

"माळावर. प्लेगाच्या सालात," अंबूबाई सुपातनं मान वर न करता म्हणाली. "किती येळा सांगू?"

म्हातारीला ही दोनदा बोलायची खोड होतीच. रोज रात्री ती विचारायची, "धोंडे, जेवलीस का?" लेक म्हणायची, जेवले. घटकाभरानं पुन्हा तेच, "धोंडे, जेवलीस का?" लेक चिडायची, की अगं आत्ताच सांगितलं ना. सासरची वर्षं सोडली तर हे असं लहानपणापासून चाललेलं.

धोंडाबाई चुलीपुढं उभी राहिली. हा वाळा धोंडाचा, तसा तोही धोंडाचा. त्या मडक्यातलं लेकरू वाळा घालून मेलं. मग बत्तीस वर्षं धोंडा म्हणून जेवत-झोपत आलेली ही बाई कोण?

३

दुपारभर गफूर बाभळीखाली बसून एकेकाला बोलवत होता. धोंडाबाईला त्यानं खापरांची पाटी घेऊन शेजारीच बसवली. का बसवली, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

आधी भिमाजी देवऋषी. लेकरांची हाडं तो मंतरतो असं गाव कुजबुजत होतं, आणि फौजदाराच्या नावानं त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तान्ह्याच्या हाडाला मी शिवत न्हाई, जमादार," तो म्हणाला. "त्येला स्वताचं नावबी कळत न्हाई. हाक मारली तर कोन येईल त्येचा नेम न्हाई."

धोंडाबाई मागं सरकली. तिनं पाटी घट्ट धरली.

मग रखमाजी. "व्हय, मला नगं हे उकरनं," तो म्हणाला. "पन मला बंद पाडायचं असतं तर धोंडा घालून फोडलं नसतं का? घिऊन कशाला जाईन?"

"तेच म्हणतो मी," गफूर म्हणाला. "आणि तू गोणपाटाची घडी घालणारा माणूस नव्हेस."

शेवटी कस्तुराबाई कुंभारीण आली. गफूरनं खड्ड्यातलं खापर तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटं-सुलटं केलं, टिचकी मारली आणि फिसकन हसली.

"पोफेसर ह्येला हजारो वर्साचं म्हनत्यात? आवो, चाकावरचं हाय ह्ये. ती बाकीची सहा नुसत्या हातानं थापल्याली, जाडीभरडी. आन ह्यो काठ बगा. दोन बारीक रेघा. माज्या सासऱ्याच्या आंगठ्याचं नख दुभंगल्यालं व्हतं, त्येंच्या समद्या मडक्यांना ही खून हाय."

"सासरे वारले कधी?"

"प्लेगाच्या फुडल्या साली."

ती गेली. गफूरनं खापर खिशात टाकलं.

"धोंडाबाई," तो म्हणाला, "सहा मडकी त्या जुन्या लोकांची. सातवं आपल्या गावातल्या माणसाचं, तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं. धोंडा फक्त सातव्यावर. जागा परत सापडायला हवी असते, तो खूण ठेवतो. काठावर मुंग्या का? तिथं दूध सांडलंय. चोरी करायला येणारा दूध घेऊन येतो होय? आणि दुसऱ्याचं गोणपाट घडी करून कोण ठेवतं? जिचा जन्म घर आवरण्यात गेला ती."

"ती?" धोंडाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"ती. आता एकच सांग. मडकं काल सांजेला दिसलं. मजूर आणि मुकादम परस्पर आपापल्या वाड्यांवर गेले, ते आज सकाळीच परतले. गावात राहणारी तू एकटी. चपट्या धोंड्याखाली मडकं लागलं, ही गोष्ट काल रात्री तू कुणाला सांगितलीस?"

तिनं ती एकाच माणसाला सांगितली होती. ऐकता ऐकता त्या माणसाच्या हातची भाकरी तव्यावर जळाली होती, आणि आजवर अंबूबाईची भाकरी कधी जळालेली नव्हती.

"मी येतो तुझ्याबरोबर," गफूर काठी टेकत उठला.

४

गफूर उंबऱ्यावरच बसला. आत आला नाही.

"गुडघे काय म्हणतात, मावशी?"

"हाईत आपलं."

"धोंडाबाई उजव्या हाताची. तिचं सारवण डावीकडून उजवीकडं जातं. चुलीपाशी बोटं उलटी ओढलीत. डावखुऱ्या तुम्ही."

अंबूबाईनं डावा हात पदराखाली घेतला. धोंडाबाईला आता थांबवेना. तिनं दोन्ही वाळे काढून आईपुढं जमिनीवर ठेवले.

"आई, हितं चुलीखाली कोन हाय?"

म्हातारीनं वाळ्यांवरून बोट फिरवलं. "धोंडी," ती म्हणाली. "पहाटं तू झोपल्याली असताना घिऊन आले नि तू कामाला गेल्यावर पुरली. त्येनी तिला नंबर लावला असता, पोरी. पुन्याला न्हेऊन कपाटात ठिवली असती. नंबर सात. तिला नाव हाय."

मग तिनं सांगितलं. आधीची दोन पोरं गेली, म्हणून तिसरीचं नाव धोंडा ठेवलं, की सटवाईला वाटावं दगड आहे, घेऊन काय करायचा. वर रीतीप्रमाणं शेजारच्या जैतुनबीच्या पदरात घातली आणि सूपभर कोंड्याला परत विकत घेतली, की पोर आपली नाहीच मुळी. सगळं करून झालं. तरी प्लेगाच्या साली, गाव माळावर झोपड्यांत असताना, सहा महिन्यांची धोंडी गेली.

"तिचा बा आदीच गेल्याला. मोकळ्या मातीत टाकवंना," अंबूबाई म्हणाली. "पांढरीवरनं माती आनताना असली जोडमडकी मी लय येळा बघितलीवती. वाटलं, ज्या बायांनी ही पुरली त्याबी आयाच की. झोपडीत दोन मडकी व्हती, त्यात ठिवली. एक वाळा तिच्या पायात तसाच ऱ्हाऊ दिला."

"नि दुसरा?" धोंडाबाईनं विचारलं.

अंबूबाईनं उंबऱ्याकडं पाहिलं. उत्तर उंबऱ्यावरून आलं, आणि जमादाराचा आवाज आता जमादाराचा राहिला नव्हता.

"माळाच्या टोकाला शेवटच्या दोन झोपड्या होत्या," गफूर म्हणाला. "एक ह्यांची, एक आमची. तान्ही पोरं तिथं दोनच. मघा बाभळीखालीच मला हिशेब लागला होता, मावशी. पण तो मी तोंडानं बोलायचा, इतकं बळ माझ्यात नाही. तुम्हीच बोला."

"तिसऱ्या दिशी जैतुनबी गेली," अंबूबाई म्हणाली. "तिची पोर तिच्या अंगावर रडत व्हती. दूध थांबत न्हाई बाबा, पोर गेलं म्हून. मी पाजली. मग मला ती खाली ठेववंना, दुसरा वाळा तिच्या पायात घातला. गाव माळावरनं परत आलं तवा माझ्या कडंवर पोर व्हती. लोक म्हनले, अंबूची धोंडी जगली. मी व्हय म्हनले."

धोंडाबाई भिंतीला टेकली. लहानपणी तिला सगळी पोरं चिडवायची, 'कोंड्याला घेतलेली, मुलाण्याची पोर.' रीतच होती ती, निम्म्या गावातल्या पोरांना असं चिडवायचे, आणि तीही हसायची. ते खरं निघालं होतं. तिनं आपले हात पाहिले, पाय पाहिले. तिचं नाव ज्या लेकराचं होतं ते तिथं, तिच्या पायाशी, सारवणाखाली होतं. आणि ती त्याच्या जागेवर बसून बत्तीस वर्षं भाकरी खात होती. तिनं पाय पटकन मागं घेतला.

"रशिदा नाव होतं तिचं," गफूर म्हणाला. "पाळणा मीच हलवायचो."

"घेऊन जातोस व्हय हिला?" अंबूबाईनं विचारलं. म्हातारीला फौजदाराचं काहीच वाटत नव्हतं, पण हे विचारताना तिनं लेकीचा पदर मुठीत धरला.

गफूरनं धोंडाबाईकडं पाहिलं. एक शब्द गफूरनं चावडीवर काढला असता, तर उद्या गावानं दोघींना विहिरीवर उभं केलं नसतं. हे तिघांनाही कळत होतं.

"मला मडक्याचा तपास दिलाय," शेवटी तो काठी घेऊन उठत म्हणाला. "माणसाचा नाही."

५

तंबूत प्रोफेसरांनी खापराचा काठ भिंगातून पाहिला, मग सहा नंबरचा तुकडा शेजारी ठेवून पाहिला, आणि मटकन खुर्चीत बसले.

"चाकावरचं आहे. आणि मी धोंड्यावर भाळलो." माणूस रागीट होता पण खोटा नव्हता. "म्हणजे कुणीतरी आपलं मूल परत नेलं. कुणाचं होतं?"

तंबूच्या दाराशी धोंडाबाई पाटी घेऊन उभी होती.

"प्लेगातलं एक लेकरू, साहेब. नाव माहीत नाही," गफूर म्हणाला. "ज्यांचं होतं त्यांच्या घरी पोचलं. फौजदारांना कशाला त्रास द्यायचा?"

प्रोफेसरांनी वहीतली सात नंबरची ओळ खोडली. मग लेखणी खाली ठेवली. "एवढ्या वर्षांनी पुन्हा तसंच पुरावंसं वाटलं कुणा आईला," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि मी पुस्तकांत शोधतोय, ते लोक असं का करायचे."

उतरताना गफूर बाभळीपाशी थांबला. धोंडाबाई चार पावलं मागं उभी राहिली. त्यानं फातिहा म्हटला, तोंडावरून हात फिरवले, आणि मागं न बघताच बोलला.

"बत्तीस वर्षं इथं दोघींच्या नावानं म्हणत होतो. आजपासून एकीच्याच."

तिला रडू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदाच. ती पुढं झाली, पाटी खाली ठेवली आणि कबरीवरचा पालापाचोळा हातानं बाजूला केला. जैतुनबीला ती काय म्हणून हाक मारणार होती? तिनं काहीच हाक मारली नाही. गफूरला मात्र निघताना म्हणाली, "भाऊ, उद्या भाकरी माझ्याकडची खा." गावात पुरुषमाणसाला भाऊ कुणीही म्हणतं. पण गफूरनं मान खाली घातली ती पार नदीपर्यंत वर केली नाही.

घरी दिवेलागण झाली होती. अंबूबाईनं चूल पेटवली होती आणि ती त्या ओल्या जागेला पाय लागू न देता बसली होती. धोंडाबाईला आत पाऊल टाकायची भीती वाटत होती. जाळ हलला की जमीन हलल्यासारखी वाटे. तरी ती आत गेली, चुलीपाशी बसली, दोन घास कसेबसे गिळले. दोन्ही वाळे खुंटीला एकाशेजारी एक टांगलेले होते.

"धोंडे, जेवलीस का?" अंबूबाईनं विचारलं.

"जेवले, आई."

म्हातारीनं तवा उतरवला, निखारे मागं सारले, हात धुतले. मग तिचे डोळे चुलीवरच्या खुंटीकडं गेले, रोज जायचे तसेच, पण धोंडाबाईला ते आजवर कधी दिसले नव्हते.

"धोंडे, जेवलीस का?"

म्हातारी वाट पाहत होती. आजवर तिला ह्या दुसऱ्या वेळी चिडकं उत्तर मिळत आलं होतं, आणि ते भलत्याच पोरीनं दिलेलं.

धोंडाबाईनं घाबरत घाबरत हात पुढं केला आणि त्या ओल्या सारवणावर ठेवला. गार होतं.

"जेवली गं तीबी," ती म्हणाली.